राखीव हवापुरवठा, स्कूबा निमज्जनातील

पाठीवरील टाकीतील संपीडित हवेवर श्वसन करणाऱ्या पाणबुड्याचा मुख्य पुरवठा खंडित झाल्यास वर येण्यासाठी लागणारी स्वतंत्र व्यवस्था. मुख्य टाकीलाच जोडलेले जादा मुखयंत्र टाकी रिती होताच निकामी होते. म्हणून स्वतःचा दाबनियामक असलेली वेगळी टाकी आवश्यक असते. तिचे आकारमान खोलीवरून ठरवितात. समुद्रात दर १० मी. खोलीस दाब सु. १ वातावरण वाढतो. त्यामुळे पृष्ठभागी मिनिटास २० लि. हवा घेणाऱ्यास ३० मी. खोलीवर ८० लि. लागते. २०० बार दाबाने भरलेल्या ०.४ लि. टाकीत एवढीच हवा मावते; मिनिटास ९ मी. वेगाने वर येण्यास मात्र तीन मिनिटांहून अधिक लागतात. घाबरल्यावर श्वसनही वाढते. यास्तव अशा खोलीसाठी ३ लि. टाकी (सु. ६०० लि. हवा) निवडणे इष्ट ठरते. लहान टाकी मालवण किनाऱ्यावर पर्यटक करतात तशा उथळ निमज्जनापुरतीच उपयोगी असते.