वाकडी बाभूळ आणि सुताराची नजर
मराठवाड्यातला सुतार नांगरासाठी सरळ ओंडक्यातून वाक कापत नसे; मुळातच वाकलेली बाभूळ शोधी. वाकाबरोबर वळलेले तंतू ओढ सोसतात, कापलेले मोडतात. नांगर लोखंडी झाले आणि तीर्थपुरीच्या शिवारातली वेडीवाकडी बाभूळ सरपण ठरली.

झाडाची नैसर्गिक कड राखून फळीचे मेज करायलाही हीच नजर लागते. साल मात्र काढावी, कारण तिच्याखाली कीड राहते. लाकूड गाभ्यापासून सालीकडे आकसते, त्याच्या जवळपास दुप्पट वलयांच्या दिशेने. म्हणून घाईने वाळवलेली फळी तडकते. १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी फर्निचर रेखाटणारे जॉर्ज नाकाशिमा तडा लपवत नसत. त्यावर डमरूच्या आकाराची पाचर बसवत. गावच्या सुताराला यात परके काही नाही. बांधावरची बाभूळ सरपणात जाण्याआधी त्याला दाखवायला हवी.