नळीला चिकटणारे शिसे

9 जुलै 1776. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टनच्या फौजेपुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीनमधला ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. वरून सोन्याचा मुलामा, आत सगळे शिसे. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्डला ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी गेले. तिथे घरच्या आणि शेजारपाजारच्या बायकामुलांनी ते वितळवून 42,088 गोळ्या ओतल्या. कुणी किती ओतल्या याची यादीही वॉलकॉटांनी ठेवली. त्यात त्यांचा धाकटा मुलगा फ्रेडरिक याच्या नावावर 936 आहेत.

पोरासोरांनाही जमावे असे हे काम, कारण शिसे 327 अंश सेल्सियसला वितळते. त्याला भट्टी लागत नाही, घरची चूल पुरते. शोधप्रवासी लुईस आणि क्लार्क 1804 मध्ये पश्चिमेकडे निघाले तेव्हा त्यांनी बंदुकीची दारू शिशाच्याच 52 डब्यांत भरून नेली होती. दारू संपली की डबा वितळवायचा आणि गोळ्या पाडायच्या.

या घरगुती उद्योगाला कारखान्याची शिस्त आणली ती पुन्हा कनेक्टिकटनेच. जॉन बार्लो यांनी 1884 मध्ये न्यू हेवनला आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढून साचे आणि काडतुसे भरण्याची अवजारे विकायला सुरुवात केली. 1925 मध्ये लायमन कंपनीने ती घेतली आणि लायमनचे साचे आजही विकले जातात. त्यातला 429421 क्रमांकाचा साचा आयडाहोच्या एल्मर कीथ यांचा. डोक्यावर भलीमोठी हॅट घालणारे हे गुराखी-लेखक आयुष्यभर जड आणि वेगवान ओतीव गोळ्यांची वकिली करत राहिले. 1955 मध्ये .44 मॅग्नम काडतूस बाजारात आले, त्यामागे त्यांचाच लकडा होता.

निव्वळ शिसे मात्र फार मऊ. ब्रिनेल मापात त्याचा कठीणपणा जेमतेम 5. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. कथलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात भरतो, अँटिमनी कठीणपणा देते. अमेरिकी हौशी ओतकाऱ्यांचे लाडके भंगार दोन प्रकारचे: मोटारीच्या चाकांचा तोल साधणारी वजने आणि छापखान्यांतला लायनोटाइपचा धातू. दुसऱ्यात 84 टक्के शिसे, 12 टक्के अँटिमनी, 4 टक्के कथील. मराठी छापखान्यांत जुळाऱ्यांच्या बोटांना काळे करणारे खिळे याच कुळातले. ऑफसेट आले, लायनोटाइप यंत्रे मोडीत निघाली आणि त्यांचा धातू बंदूकवाल्यांच्या गॅरेजात जाऊन पोचला.

गॅरेजातले दृश्य साधेच असते. विजेच्या भांड्यात रस तयार, वर जमलेला मळ काढण्यासाठी मेणाचा तुकडा किंवा मूठभर भुसा टाकलेला. साच्याच्या दोन ठोकळ्यांवर एक सरकती पट्टी असते. तिच्या भोकातून रस ओतायचा, तोंडाशी उरलेला थेंब गोठला की लाकडी दांड्याने पट्टीला टोला द्यायचा, साचा उघडायचा. गोळी खाली पसरलेल्या टॉवेलवर पडते. साचा थंड असेल तर तिच्यावर सुरकुत्या, फार तापला असेल तर ती दुधी. पाण्याचा एक थेंब रसाखाली गेला तर क्षणात वाफ होऊन सगळे भांडे अंगावर उडते, म्हणून चष्मा, हातमोजे आणि लांब बाह्या. (भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, हेही इथेच सांगितलेले बरे.)

खरी कटकट चांदमारीनंतर सुरू होते. नळीतून उजेडाकडे पाहिले की आतल्या पिळाच्या खाचांच्या कडांना राखाडी रेघा दिसतात. ते शिसे. चार-दोन फैरींत ते इतके साठते की नेम भरकटतो. गोळी मऊ होती, आता कठीण मिश्रण घेऊ, असे नवशिका म्हणतो आणि पुष्कळदा दुखणे वाढवून घेतो. कारण बहुतेक वेळा दोष मापाचा असतो. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असली तर जळत्या दारूचा वायू तिच्या कडेने निसटतो, शिसे कापतो, वितळवतो आणि पुढच्या पोलादाला डाग दिल्यासारखे चिकटवतो. मऊ गोळी दाबाने फुगून ती फट बुजवू शकते, अतिकठीण गोळीला तेवढेही जमत नाही.

म्हणून जाणकार आधी नळीत मऊ शिशाचा तुकडा ठोकून आरपार काढतात, मायक्रोमीटरने मोजतात आणि त्याहून इंचाचा एक-दोन हजारावा भाग जाड गोळी वापरतात. रिव्हॉल्व्हर असेल तर फिरत्या चक्राची तोंडेही मोजावी लागतात. ती अरुंद असली तर गोळी नळीत शिरण्याआधीच तासली जाते. शिसे कुठे साचले यावरूनही निदान होते. दारूच्या बाजूला असेल तर मापाचा संशय घ्यावा, तोंडाशी असेल तर वंगण पुरले नाही. वंगणाची प्रसिद्ध कृती नॅशनल रायफल असोसिएशनची: मधमाशीचे मेण आणि अलॉक्स नावाचे वंगणद्रव्य निम्मेनिम्मे. वेगवान गोळीच्या बुडाला तांब्याची चिमुकली टोपीही बसवतात.

चिकटलेले काढायला लुईस लेड रिमूव्हर आहे: रबरी टोकावर पितळी जाळीची चकती, ती गजाने नळीतून ओढायची. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे भांडी घासायची ‘चोअर बॉय’ नावाची तांब्याची जाळी. तिच्या चार तारा जुन्या ब्रशला गुंडाळल्या की शिशाचे चकचकीत पापुद्रे भराभर बाहेर पडतात. मात्र जाळीला आधी लोहचुंबक लावून पाहायचे, कारण तांब्याचा नुसता मुलामा दिलेले पोलाद नळीला ओरखडे पाडते. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रणही शिसे विरघळवते, पण त्यातून विषारी लेड ॲसिटेट तयार होते आणि पोलादही खाल्ले जाते. पूर्वी काही जण पारा ओतत. त्याबद्दल न बोललेलेच बरे.

विषाचा प्रश्न गॅरेजापुरता राहिला नाही. शिकारीच्या अवशेषांतले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियातली काँडोर गिधाडे मेली. 1982 मध्ये जगात ती फक्त 22 उरली होती. आपल्याकडची गिधाडे डायक्लोफेनॅक या औषधाने गेली, तिथे एक मोठा गुन्हेगार शिसे ठरले. 1 जुलै 2019 पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. चाकांच्या शिशाच्या वजनांवर तिथे 2010 पासूनच आहे.

त्यामुळे टायरवाल्याकडून बादलीभर वजने उचलून आणण्याचे दिवस सरत आले आहेत. आता त्या बादलीत पोलाद आणि जस्त निघते. जस्त सुमारे 420 अंशांना वितळते, म्हणून रस त्याखाली ठेवून तरंगणारी वजने चिमट्याने वेचून काढतात. एखादे चुकून विरघळले तर अख्ख्या भांड्यातल्या रसाची लापशी होते. अनेकांनी मेणाचे वंगणही सोडले. ते गोळ्यांना रंगाची पूड चोळून छोट्या ओव्हनमध्ये भाजतात, त्या कवचामुळे नळी बरीच स्वच्छ राहते. निळ्या, लाल, पोपटी गोळ्यांचे ट्रे आज अमेरिकी गॅरेजांत सर्रास दिसतात. तो ओव्हन मात्र पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नसतो.