पंचाच्या कमरेवरचं बटण

बास्केटबॉलच्या सामन्यात शेवटचा सेकंद उरला की प्रेक्षक घड्याळाच्या आकड्यांकडे पाहतात. पंच मात्र खेळाडूच्या बोटांकडे पाहत असतो. रेषेबाहेरून फेकलेला चेंडू मैदानातल्या खेळाडूला लागेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही, आणि तो स्पर्श घड्याळाला स्वतःहून कळत नाही. पंच हात उंचावून उभा असतो आणि स्पर्श दिसताच तो झटकन खाली आणतो. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये तो याच क्षणी कमरेच्या छोट्या डबीवरचं बटणही दाबतो. सेकंदाचा दहावा भाग यंत्र दाखवतं, पण तो कुठून मोजायचा हे माणूस ठरवतो. हे न लपवता त्याभोवती नियम बांधले, म्हणूनच या खेळातला शेवटचा क्षण मला विश्वासार्ह वाटतो.

पूर्वी शिट्टी ऐकून घड्याळ थांबवण्याचं काम टेबलापाशी बसलेल्या माणसाचं होतं. ऐकून बोट हलवायलाही सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. मायकल कॉस्टाबाइल या अमेरिकन पंचानं यावर तोडगा काढला: शिट्टीजवळ एक छोटा मायक्रोफोन, जो शिट्टीचा आवाज ओळखून घड्याळ तिथल्या तिथे थांबवतो. 1999 मध्ये एनबीएनं ही पद्धत स्वीकारली. थांबवण्यातला उशीर त्यामुळे जवळजवळ संपला. सुरू करण्यातला उशीर उरलाच, कारण तिथे अजूनही डोळा आणि बोट आहे.

घड्याळावरचा अधिकार पंचाच्या हातून निसटला की काय होतं, हे 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात दिसलं. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सनं दोन फ्री थ्रो टाकले आणि अमेरिका 50-49 अशी पुढे गेली. सोव्हिएत संघानं चेंडू आत फेकला, पण टेबलापाशी गोंधळ झाल्यामुळे एक सेकंद उरला असताना खेळ थांबवण्यात आला. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि त्यांनी पुन्हा तीन सेकंद द्यायला लावले. सामन्यात असा हुकूम देण्याचा अधिकार नियमांनी त्यांना दिलेला नव्हता. दुसऱ्यांदा चेंडू आत आला तेव्हा घड्याळ नीट लावलेलंच नव्हतं. तिसऱ्यांदा इव्हान एदेश्कोनं चेंडू मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला फेकला आणि अलेक्सांदर बेलोवनं बास्केट केली: 51-50. पंच रेनातो रिघेत्तो यांनी गुणपत्रकावर सही केली नाही. अमेरिकेची तक्रार तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली गेली आणि अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं नाकारली. दोष घड्याळाचाही होता, पण मोठा दोष हा की ते कोणाच्या शब्दावर चालावं हेच त्या रात्री ठरत नव्हतं.

पुढचा धडा 15 जानेवारी 1990 चा. न्यूयॉर्कमध्ये 0.1 सेकंद उरला असताना ट्रेंट टकरनं चेंडू झेलला, वळून फेकला, आणि तीन गुणांसह यजमान निक्स संघानं शिकागोला हरवलं. झेलून फेकणं तेवढ्या वेळात होणं शक्यच नाही. म्हणजे घड्याळ उशिरा सुरू झालं होतं. त्यातून नियम आला की झेलून फेकायला निदान 0.3 सेकंद हवा. त्याहून कमी असेल तर चेंडू फक्त हातानं टोलवता येतो किंवा थेट रिंगमध्ये कोंबता येतो. माणसाच्या बोटाला लागणारा वेळ इथे नियमात येऊन बसला. 2004 मध्ये सॅन अँटोनिओत डेरेक फिशरनं 0.4 सेकंदात लेकर्स संघाला जिंकून दिलं, ते याच मर्यादेच्या काठावर.

मग चेंडूतच संवेदक का बसवू नये? कारण स्पर्श झाला एवढं कळून भागत नाही. स्पर्श करणाऱ्याचा पाय रेषेवर असेल किंवा चेंडू मुद्दाम लाथेनं अडवला असेल, तर घड्याळ सुरू व्हायला नको, आणि ते पाहायला पंच लागतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पंचांनी शेवटचा क्षण पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहण्यात खेळाची लय मोडते. मोडते खरी. पण 2002 च्या प्लेऑफमध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध लेकर्सच्या समाकी वॉकरनं पूर्वार्धाच्या अखेरीस दुरून टाकलेली बास्केट धरली गेली. चित्रफितीत वेळ संपली तेव्हा चेंडू त्याच्या हातातच दिसत होता. लेकर्स तो सामना 100-99 असे जिंकले. पुढच्या हंगामापासून पंचांना असा क्षण पडद्यावर तपासायची मुभा मिळाली. आता वेळ संपताच फळ्याच्या कडेनं लाल दिवे उजळतात, आणि पंच एकाच चौकटीत दोन गोष्टी शोधतो: दिवा लागलाय का, आणि बोटांची टोकं अजून चेंडूला टेकलेली आहेत का.