तुंबलेल्या पित्ताला वाट

स्वादुपिंडाचा, पित्ताशयाचा किंवा खुद्द पित्तनलिकेचा कर्करोग वाढला की यकृतातून आतड्याकडे जाणारे पित्त अडते. पित्तातले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य रक्तात साठते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद आणि शौच पांढुरके होते. सर्वांत छळते ती अंगाची खाज. तिच्यापायी झोपही उडते.

गाठ काढण्याजोगी नसेल, तरी ही वाट पोट न फाडता मोकळी करता येते. तोंडावाटे लहान आतड्यापर्यंत दुर्बीण नेऊन, क्ष-किरणांच्या साहाय्याने अडलेल्या जागी स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी नळी, बसवतात. जर्मनीत हँबर्गच्या नीब सोहेंद्रा यांनी 1980 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. प्लास्टिकची नळी स्वस्त, पण जेमतेम 3 मिलिमीटर रुंद. साधारण 3 महिन्यांत ती तुंबते. धातूची जाळीदार नळी आत गेल्यावर सुमारे 10 मिलिमीटरपर्यंत फुलते आणि जास्त टिकते. महाग असली, तरी बहुतेकांना तीच सोयीची.

दुर्बीण पोहोचत नसेल, तर बरगड्यांजवळून सुई थेट यकृतातल्या नलिकेत घालून पित्त बाहेरच्या पिशवीत काढतात. पिशवी बाळगणे जिकिरीचेच.

यातले काहीही कर्करोग बरा करत नाही. मात्र कावीळ उतरल्यावर केमोथेरपी देणे शक्य होऊ शकते. स्टेंटनंतर थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.