नऊ खान्यांबाहेरचा रेस्टलिन

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा कल्पित साहसांचा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. त्यात प्रत्येक पात्राची नैतिक बाजू आधीच कागदावर लिहायची असते. सुरुवातीला सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक एवढ्या तीनच बाजू होत्या. पुढे त्यांना सत्-असत् यांची जोड मिळून नऊ खाने झाले. माझा आवडता खलनायक, 'ड्रॅगनलान्स'मधला जादूगार रेस्टलिन, त्यांत मावत नाही.

१९८४ साली हे विश्व खेळ आणि कादंबरी अशा दोन्ही रूपांत आले. लेखक मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन. खेळून पाहताना एका खेळाडूने रेस्टलिनला घोगरा, कुजबुजता आवाज दिला. तोच कादंबरीत उतरला. तिथे सत्-मार्गी जादूगाराचा झगा पांढरा, तटस्थाचा तांबडा, असत्-मार्गी काळा. रेस्टलिन तांबडा टाकून काळा चढवतो. देव होण्यासाठी तो क्रिसानिया या धर्मसेविकेला वापरतो आणि ती आंधळी झाल्यावर तिला पाताळात सोडून पुढे जातो. त्याचा विजय म्हणजे मृत जग, हे जुळा भाऊ कॅरामन त्याला दाखवतो. मग तो माघार घेतो, शत्रुदेवतेला अडवत पाताळातच राहतो आणि भावाला दार बंद करू देतो.

जग वाचते; क्रिसानियाची दृष्टी मात्र परत येत नाही. मला तो आवडतो, तरी तिचा हिशेब मी त्याला माफ करू शकत नाही. करडेपणा म्हणतात तो हाच असावा.