अंगठ्याकडून सहीकडे



दर वर्षी 8 सप्टेंबरला जागतिक साक्षरता दिन असतो. युनेस्कोने 1966 साली हा दिवस ठरवला आणि 1967 पासून तो पाळला जातो. लिहावाचायला शिकवण्याचे चांगले काम करणाऱ्यांना युनेस्को बक्षिसेही देते. त्यांतले एक कोरियाच्या सेजोंग राजाच्या नावाचे आहे.

हा राजा कोण? पूर्वी कोरियात चिनी लिपीत लिहीत. ती हजारो चिन्हे घोकायला गोरगरिबांना सवड कुठली? म्हणून सेजोंग राजाने 1446 साली अवघ्या 28 अक्षरांची सोपी लिपी रयतेला दिली. त्याच्या नावाचे बक्षीस 1989 साली कोरिया सरकारच्या देणगीतून सुरू झाले.

अभिमानाची गोष्ट म्हणजे 1990 साली हे बक्षीस भारतात आले, केरळ शास्त्र साहित्य परिषदेला. परिषदेने सरकारी यंत्रणेच्या जोडीने एर्नाकुलम जिल्ह्यात मोहीम काढली. आधी घरोघर जाऊन कोणाला वाचता येत नाही याची नोंद केली. मग हजारो स्वयंसेवकांनी बिनपगारी वर्ग घेतले. म्हाताऱ्यांना अक्षर दिसेना, तर चष्मे मिळवून दिले. 4 फेब्रुवारी 1990 रोजी तो देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला.

आता आपल्याकडे वळू. आम्ही शिवारात फिरतो तेव्हा पाहतो, काही वयस्क सभासद, विशेषतः माताभगिनी, पावती पदराच्या गाठीत ठेवतात आणि कोणी शिकलेला भेटला की वाचून घेतात. "सायेब, तुमी लिवलं ते बरोबरच आसंल की!" म्हणून नोंदीवर अंगठा उठवतात. पण लिहिणाराही माणूसच. लागणीची तारीख महिनाभर पुढची पडली तर तोडीचा नंबर मागे जातो, उसाला तुरा येतो, वजन घटते. नुकसान कोणाचे? ज्याला वाचता आले नाही त्याचे!

एर्नाकुलमची रीत आपल्या शेतीसारखीच आहे. आधी पाहणी, मग लागण, मग निगा. तेव्हा आमची विनंती अशी की, गळीत हंगामापूर्वी घरातल्या शाळकरी मुलांनी रोज अर्धा तास आजी-आजोबांना चार गोष्टी वाचायला शिकवाव्यात: आपले नाव, गट नंबर, लागणीची तारीख आणि निव्वळ वजन. जुन्या पावत्या हेच पुस्तक. चष्मा लागत असेल तर तो आधी करून घ्यावा.

आणि यंदा पावती हातात पडली की खिशात घालण्याआधी वाचा. चूक दिसली तर त्याच दिवशी गट ऑफिसला या. आम्ही नोंद तपासून देऊ.

– ऊस विकास अधिकारी