सहलीची नवलाई आणि संशोधकाची पंचाईत

समजा, तुम्हाला तपासायचंय की संग्रहालयाच्या सहलीत मुलं नेमकं काय शिकतात. प्रश्न साधा वाटतो. पण सहलीचं नियोजन कच्चं राहिलं, तर तुम्ही शिकणं नाही, नुसती गडबड मोजून घरी याल.

उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लोवेल घेऊ. मेरिमॅक नदीचा धबधबा, तिच्यातून काढलेले कालवे आणि त्या पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या कापडगिरण्या, असं हे एकोणिसाव्या शतकातलं गिरणगाव. तिथल्या बूट मिल्समध्ये (पायातल्या बुटाशी संबंध नाही, आडनाव आहे!) आता संग्रहालय आहे. तिथे यंत्रमाग खरोखर चालवून दाखवतात. आवाज इतका, की कानात घालायला बोळे देतात. त्याच इमारतीत त्सोंगास इंडस्ट्रियल हिस्टरी सेंटर शाळांसाठी कार्यशाळा घेतं. मुलं हातमागावर विणतात, कालवा आणि पाणचक्कीची मॉडेल्स करून बघतात, कामगार होऊन असेंब्ली लाइनवर उभी राहतात.

आता तिथे पहिल्यांदा आलेल्या मुलाच्या डोक्यात काय चालू असतं? डबा कधी खायचा, टॉयलेट कुठे, माझ्या गटात कोण, मशीनला हात लागला तर? फॉक, मार्टिन आणि बॉलिंग यांनी १९७८ मध्ये हेच दाखवलं: जागा फार अनोळखी असली की मुलांचं लक्ष ती जागा समजून घेण्यातच खर्च होतं, आणि नेमून दिलेलं शिकणं मागे पडतं. पुढे इस्रायलच्या नीर ओरियन यांनी शालेय भूशास्त्र-सहलींवर काम करताना या नवखेपणाला 'नॉव्हेल्टी स्पेस' म्हटलं आणि त्याचे तीन भाग केले. विषय नवा, जागा नवी, आणि 'आज आपलं काय होणार' ही धाकधूक.

या तिन्हींवरचे उपाय अगदी घरगुती आहेत. आठवडाभर आधी वर्गात कापसाचा बोंड फिरवा, बोटांनी पिळून धागा काढायला लावा, ताणा, बाणा, धोटा हे शब्द तोंडात बसू द्या. इमारतीचा नकाशा दाखवा. दिवसाचं वेळापत्रक, डब्याची जागा, गट, सगळं आधीच सांगून टाका.

सगळी नवलाई मात्र काढू नका. मागांच्या खोलीचा व्हिडिओ मी आधी दाखवणार नाही. आवाज मोठा असेल, बोळे मिळतील, त्रास झाला तर बाहेर येता येईल, एवढं पुरे. त्या आवाजासोबत एक प्रश्न मात्र द्यायचा: इथे काम करणाऱ्या मुली एकमेकींशी बोलत कशा असतील? याच गावच्या गिरण्यांतल्या मुलींनी १८३४ आणि १८३६ मध्ये संप केले, तेव्हा जमल्या कशा? दुसरा प्रश्न कापसाचा. तो अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, गुलामांच्या श्रमातून. हातमागावर दहा मिनिटं विणताना मजाच येते. यातलं काही हाताला लागत नाही. म्हणून 'हाताने करून पाहिलं' म्हणजे 'समजलं' असं धरू नका. माझ्या मते या कार्यशाळांवरच्या संशोधनात खरी मेख इथेच आहे.

मग मोजायचं कसं? पहिला मोह असतो सहलीआधी एक पेपर, नंतर एक पेपर. पण आधीचा पेपर स्वतःच शिकवतो! मुलं संग्रहालयात त्याच प्रश्नांची उत्तरं शोधत फिरतात. यावर सॉलोमन यांनी १९४९ मध्ये चार गटांचा आराखडा सुचवला. पेपर आणि सहल, फक्त सहल, फक्त पेपर, दोन्ही नाही. शेवटचा पेपर मात्र चौघांना सारखाच.

चार तुकड्या कोण देणार, हा प्रश्न येईलच. एकच वर्ग मिळाला तर निदान चिठ्ठ्या टाकून अर्ध्याच मुलांना आधीचा पेपर द्या. आणि हो, ती मुलं बसमध्ये बाकीच्यांना प्रश्न सांगणारच, हे धरून चला.